अल्बमराव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माणसाच्या नावावर जमीन नसली तरी चालतं, मत असावंच लागतं. खंडोबा तालमीच्या बचावफळीनं काल शाहू स्टेडियमवर काय करायला हवं होतं, पांढऱ्या रश्श्यात खसखस किती घालावी, आमदार कुणाच्या गाडीतून उतरला, यावर अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तरी तीनचार निकाल कानावर पडतात. निकालच. चर्चा पुण्यात होते.

या मातीत अल्बमराव उगवला यात नवल नाही. अल्बमराव हे नाव मी ठेवलेलं. प्रत्येक गल्लीला एखादा सापडतो, त्यामुळे खरं नाव घेऊन एकालाच मोठं करण्यात अर्थ नाही. वय पस्तिशीच्या आसपास, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर एखाद्या बँडचं नाव अशा लिपीत की एक अक्षर लागेल तर शपथ. तालमीच्या कट्ट्यावरचे एक आजोबा बराच वेळ त्या छातीकडं निरखून बघत होते. शेवटी म्हणाले, "मोडी हाय व्हय रं?"

पोटासाठी अल्बमराव पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. हा धंदा आणि हा नाद एकत्र येणं पेठेच्या नशिबातच लिहिलेलं होतं. पिग्मी एजंटाला कुठलाच दुकानदार टाळू शकत नाही. गळ्यात पावतीचं मशीन, एका कानात इअरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. पन्नास रुपये घेतले, बटण दाबलं, पावती बाहेर येईपर्यंत मशीन कुरकुरतं, तेवढ्या वेळात एक अल्बम निकालात निघतो. "काल 'इन युटेरो' परत ऐकला. नऊ." पानपट्टीवाला मान डोलावतो. त्याला वाटतं, व्याजदर सांगितला. पतसंस्थेत नऊ टक्के मिळत असतील तर वाईट नाही.

गुण दहापैकी असतात आणि दशांशात असतात. त्यामागचं सूत्र कुणी विचारलं नाही, पण चारदोन महिने त्याच्या वाटेत दुकान असलं की आपोआप कळतं: खप जितका जास्त, गुण तितके कमी. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' सप्टेंबर 1991 मध्ये आला आणि जगभर विकला गेला, म्हणून साडेसहा. त्याच बँडनं 1993 मध्ये स्टीव्ह अल्बिनीकडून 'इन युटेरो' दोनेक आठवड्यांत खरखरीत ध्वनिमुद्रित करून घेतला, कंपनीला तो आवडला नाही, म्हणून नऊ. कंपनीला आवडला नाही हे वाक्य तो असं म्हणतो की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याच्याच घरची कंपनी. मेटॅलिकाचे पहिले चार अल्बम मान्य. पाचवा, तो काळ्या मुखपृष्ठाचा, ऑगस्ट 1991 मध्ये आला आणि तिथं बँड 'विकला गेला'. हे विकलं जाणं अल्बमराव एवढ्या जिव्हारी लावून सांगतो की तेव्हा तो अंगणवाडीतही गेला नव्हता, हे आठवण करून द्यायला जीभ उचलत नाही. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' 1982 चा, जगात सर्वाधिक खपलेला म्हणून ओळखला जाणारा. त्याला गुणच नाहीत. "त्यो गैरहजर धरायचा," म्हणतो.

'सैराट'ला साडेचार. त्यातले चार अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला त्याबद्दल, अर्धा करमाळ्याकडच्या उसाला.

आणि बंगळूर. 30 ऑक्टोबर 2011 ला मेटॅलिका बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर वाजवून गेली. त्याच्या दोन दिवस आधीचा दिल्लीजवळचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळे सगळा देश बंगळूरवर कोसळला होता. कोल्हापूरहून रात्रीची गाडी धरली की बंगळूर सकाळी येतं. पेठेतल्या काळ्या टी-शर्टवाल्यांनी आजवर मला सांगितलेल्या हकिकतींची बेरीज केली, तर त्या रात्री महामार्गावर निपाणीच्या पुढं फक्त आमचीच पोरं होती. तिकीट कुणाचंच सापडत नाही. अल्बमरावचं आईनं रद्दीत घातलं.

पण त्याचा खरा जीव लोकप्रिय अल्बमना कमी गुण देण्यात नाही. तो 'डार्क' मध्ये आहे. हा शब्द उच्चारताना त्याचा आवाज खाली जातो आणि मान किंचित वाकडी होते. स्लेअरचा 'रेन इन ब्लड' 1986 चा, पुरता अर्धा तासही नाही, एका गल्लीच्या वसुलीत बसतो. नाईन इंच नेल्सचा 'द डाउनवर्ड स्पायरल' 1994 चा. ज्या घरात 1969 मध्ये शॅरन टेटचा खून झाला त्या घरात स्टुडिओ थाटून त्यातला बराच भाग केलेला. हे तो सलूनमध्ये सांगतो, वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर असताना. आणि सगळ्यांच्या वर लू रीडचा 'मेटल मशीन म्युझिक', 1975. दोन तबकड्या, चार बाजू, तासाभराहून जास्त नुसता गिटारचा फीडबॅक; गाणं नाही, ताल नाही, शब्द नाही. चौथ्या बाजूच्या शेवटी खाचच अशी पाडलेली की सुई उचलेपर्यंत तबकडी संपतच नाही. लोकांनी दुकानात परत नेऊन दिली म्हणतात. गुण: दहा.

एकदा त्यानं हा अल्बम आमच्या एका मित्राच्या कानात घातला. मित्र शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहे, फेटलिंगला. भट्टीतून ओतून निघालेल्या कास्टिंगची कड ग्राइंडरवर घासायची, आठ तास. पेठेत घराआड एक माणूस असल्या कामावर असतो किंवा होता. मित्रानं डोळे मिटले. अल्बमरावचा चेहरा आशेनं फुलला. मिनिटभर ऐकून मित्र म्हणाला, "डाव्या बाजूच्या मशीनचं बेअरिंग गेलंय बघ."

अल्बमराव यावर चिडला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. उलट त्यानं कट्ट्यावर बसून टोनी आयोमीची गोष्ट सांगितली, आणि ती त्याच्या तोंडून ऐकण्यासारखी असते. बर्मिंगहॅम म्हणजे इंग्लंडातलं उद्यमनगर. तिथं पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा पोरगा. नोकरीचा शेवटचा दिवस, उद्यापासून बँड. त्या दिवशी यंत्रानं उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं उडवली. पोरगा डावखुरा; म्हणजे गेली ती तारा दाबायची बोटं. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं लावलं, तारा हलक्या घेतल्या, पुढं त्या सैल सोडल्या. सैल तार खाली उतरते, जड होते. 1970 मध्ये 'ब्लॅक सॅबथ' आला, आणि त्या जडपणातून हे सगळं काळं खानदान. इथं आमच्या फेटलिंगवाल्या मित्रानं नकळत आपला पंजा उघडला, मिटला. त्याची बोटं शाबूत आहेत. शेजारी बसलेल्या दोघांची नाहीत. कट्टा थोडा वेळ गप्प होता, आणि आमच्या कट्ट्यावर ही घटना आहे.

तो गप्पपणा मोडला आबांनी. आबा म्हणजे जुन्या श्रोत्यांपैकी. गायन समाज देवल क्लबच्या मैफलींना पुढच्या रांगेत बसून तोंड आंबट करायचा यांचा हक्क कित्येक वर्षांचा. देवल क्लब 1883 चा, आणि आबा बोलायला लागले की स्थापनेला हजर होते असं वाटतं. त्यांच्या मते केसरबाईंनंतर गाणं संपलं. त्या केसरबाईंचा आवाज 1977 मध्ये 'व्हॉयेजर'वरून अंतराळात गेला, यावर आबांचं म्हणणं, "बरोबर आहे. इथं ऐकायला कोण उरलं होतं?"

आबा म्हणाले, "तुझ्या त्या साहेबाची बोटं गेली. आमच्या खाँसाहेबांचा आवाज गेला होता, ठाऊक आहे का?" आणि अल्लादिया खाँ सुरू झाले. ऐन उमेदीत गाऊन गाऊन गळा बसला, परतला तो पहिल्यासारखा नाही. मग त्या जाड आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी बांधली. गोडव्याची जागा लयीच्या पेचांनी घेतली. शाहू महाराजांच्या पदरी राहिले ते इथंच, कोल्हापुरात. जयपूर घराण्याची अवघड चाल त्या मोडलेल्या गळ्यातून आली. "लोकांना पहिल्यांदा कळलं नाही," आबा म्हणाले, आणि 'कळलं नाही'वर असा जोर दिला की अल्बमराव त्यांच्या जवळ सरकून बसला.

मग त्यानं फोन काढून 'ब्लॅक सॅबथ'ची सुरुवात ऐकवली. आधी पाऊस, लांबून चर्चची घंटा, मग तीन सुरांची ती जड चाल. म्हणाला, "आबा, हे दोन सूर एकत्र म्हंजे सैतान. युरोपात ह्याला सैतानाचं अंतर म्हणत्यात."

आबांनी एक बोट कानाशी नेलं. "षड्ज आणि वरचा षड्ज," म्हणाले. "आणि मग तीव्र मध्यम. सैतान कसला? यमन शिकायला बसलेलं पोर पहिल्या आठवड्यात हे घेतं."

मी अल्बमरावच्या तोंडाकडं बघत होतो. पंधरा वर्षं उराशी धरलेला सैतान देवल क्लबच्या बालवर्गात जाऊन बसला होता. पण दोघांचं भांडण झालं नाही. दोघंही एकाच गोष्टीवर पोसलेले: आपल्याला कळतं ते गल्लीला कळत नाही. त्या दिवसापासून ते एकमेकांना 'जाणकार' म्हणतात, आणि एकमेकांचं गाणं अर्ध्या मिनिटावर ऐकत नाहीत.

खरं तर कर्कश आवाजाचं कोल्हापूरला वावडं कधीच नव्हतं. आषाढात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, यात्रेला 'पी ढबाक' निघतं. हलगीवाला कोपऱ्यावर कागद पेटवून हलगीचं कातडं शेकतो, टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. मग पिपाणी अशी किंचाळते की कुठल्या सुरात आहे हे ती वाजवणाऱ्यालाही विचारू नये. नव्या पाण्याचे कलश डोक्यावर घेऊन बायका, मागं पोरं, म्हातारे, अख्खी गल्ली टेंबलाईकडं चालते. एवढं खरखरीत, एवढं रेटून वाजणारं दुसरं काही आमच्याकडं नाही. मात्र ते ऐकायला कुणाची शिफारस लागत नाही आणि त्याला कुणी गुण देत नाही. अल्बमराव त्या दिवशी दोन्ही कानांत इअरफोन घालून वसुलीला जातो. मी त्याला विचारलं, हे का नाही तुझ्या यादीत? म्हणाला, "ह्यो अल्बम न्हाई." उत्तर चोख आहे. पण माझा संशय वेगळा आहे: जे आईलाही आवडतं, ते डार्क कसं असणार?

असा हा माणूस गणपतीत मंडळाच्या कामाला आला, ही गेल्या काही वर्षांतली विनोदी गोष्ट. मंडळाचं नाव नको. मिरवणुकीच्या तालमीला डॉल्बीची भिंत उभी केली होती, 'झिंगाट' सुरू होतं, आणि पोरं उड्या मारत होती. अल्बमराव पिग्मीचं मशीन गळ्यात घेऊन तिथून चालला होता. तो थांबला. ऑपरेटरजवळ जाऊन म्हणाला, "खालच्या बेसला चिखल हुतोय. उजवीकडच्या दोन पेट्या उलट्या जोडल्यात तू. एकमेकांचा आवाज खात्यात." ऑपरेटरनं आधी शिवी दिली, मग वायर तपासली. खरंच उलटी होती. वायर फिरवली आणि समोरच्या माडीवरची तावदानं थरथरली. पोरांनी अल्बमरावला उचललं. "विषय हार्ड!" ज्या 'सैराट'ला यानं साडेचार गुण दिले, त्यातलं हे गाणं सबंध पेठेत याच्या हातून सगळ्यात स्वच्छ वाजलं. कितीतरी वर्षं काळोखात कान घासून घासून त्याला जे आलं होतं, त्याचा पेठेला पहिल्यांदा उपयोग झाला होता. मंडळानं त्याला साउंडप्रमुख केलं. छातीवर बिल्ला, आत तोच मोडी टी-शर्ट.

मिरवणुकीत पोलीस आवाज मोजायला आले. साहेबानं मीटर समोर धरलं, आकडा बघितला, वहीत लिहिला. फार चढलेला नसावा, कारण ते वही मिटून पुढं निघालेच होते. अध्यक्षांनी हात जोडले होते. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि अल्बमराव पुढं झाला.

"साहेब, ह्या मीटरवर जाऊ नका. ह्ये ए-वेटिंगवर हाय. त्येला बेस ऐकूच येत न्हाई. पन्नास हर्ट्झला तीस डेसिबल आधीच वजा धरतंय."

साहेब थांबले. "म्हणजे खरा आवाज ह्याच्यापेक्षा जास्त आहे?"

"लई जास्त," अल्बमराव म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मतावर सरकारी माणसानं पुढचा प्रश्न विचारला होता. "बेस धरला तर काटा किर्र हाय, साहेब."

साहेबांनी वही पुन्हा उघडली. "नाव सांगा. पूर्ण."

त्यानं वडिलांच्या नावासकट सांगितलं. डॉल्बी तिथंच बंद झाली आणि उरलेली मिरवणूक हलगीवर गेली. अध्यक्षांचं पिग्मी खातं दुसऱ्या दिवशी बंद झालं, पाठोपाठ खजिनदाराचं, मग त्या रांगेतल्या चार दुकानांचं. पतसंस्थेनं कारण विचारलं तेव्हा अल्बमराव म्हणाला, 'इन युटेरो' काढला तेव्हा कंपनीचीही अशीच तोंडं झाली होती.