दोन तराफे, एक दाजी

लातूरचा माणूस पाणी दिसलं की आधी ते मोजतो. आमच्या दाजींनी तर विष्णुपुरी जलाशयाच्या काठावर गाडीतून उतरताच मोबाइलवर हिशेब मांडला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, एकेका वाघिणीत ५० हजार लिटर. तेव्हापासून पेपरातल्या दलघमीशी, म्हणजे दशलक्ष घनमीटरशी, दाजींचं जमत नाही, त्यांचं माप वाघीण. “भरलं की साधारण ८० दलघमी. म्हणजे सोळा लाख वाघिणी!” असं जाहीर करून त्यांनी गोदावरीला हात जोडले.

मागोमाग अहमदपूर, लोहा करत आलेली बाकीची वरात उतरली : आक्का, पोरं, दाजींच्या आई आणि धपाट्यांचा डबा.

काळेश्वर मंदिराच्या काठाला दोन तराफे बांधलेले. खाली लांबट हवाबंद पिंपं, वर सपाट फळ्या, बाकडी, ताडपत्रीचं छत. दोन्ही निळे, भाडं एकच. एकाला खाली दोन पिंपं, दुसऱ्याला तीन, एवढाच काय तो फरक. एवढ्यावर भागलं असतं, पण माळेगावच्या जत्रेत घोड्याचे दात बघावेत तसं दाजी वाकून एकेक पिंप ठोकून बघू लागले.

“यात पाणी शिरलं तर?”

“आत कप्पे हायेत, मालक. एक फुटला तरी बाकीचे तरतात,” नावाडी म्हणाला.

“मग तिसरं पिंप कामून?”

“लोक सगळेच एका अंगाला धावतात फोटोला. दोनवाली कलते, तीनवाली दम धरते. पण दोनवाली हलकी, तेल कमी खाते, गुडघाभर पाण्यातबी चालते.”

गुडघाभर पाणी म्हटल्यावर दाजींचा चेहरा उजळला. नाव घ्यायची ती उन्हाळ्याच्या हिशेबानं, हे त्यांचं तत्त्व. आपण एका तासापुरती भाड्यानं घेतोय आणि समोर समुद्रासारखं पाणी आहे, हे मी बोललो नाही. साल्यानं मत द्यायची आमच्याकडं रीत नाही.

“कलायचा प्रश्नच नाही. आपल्या घरात शिस्त आहे,” दाजी म्हणाले. तेवढ्यात पाणकावळ्यानं बुडी मारली आणि घरातली सगळी शिस्त किंचाळत काठाच्या एका टोकाला गेली.

दाजींच्या आई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. “मांजरेला पूर आला तवा मी गुळाच्या कढईत बसून माहेरला गेले. कढईला कुठं पिंपं होती रे?” एवढं बोलून त्या पदर खोचून सरळ तीन पिंपांच्या नावेत जाऊन बसल्या. “हिच्या बाकड्याला पाठ हाय,” त्यांनी कारण दिलं. आक्का, पोरं, पिशव्या सगळं त्यांच्यामागं गेलं.

दाजी तत्त्वाला चिकटून राहिले. दोन पिंपांच्या नावेत ते आणि, नातं निभवायचं म्हणून, मी. भाडं अर्थात दोन्हीकडं पूर्ण.

पाण्याच्या मध्यावर दाजी पलीकडं ओरडून विचारत होते, “हलतीय का गं? किती हलतीय?” उत्तर आलं नाही. आक्कानं डबा उघडला होता. धपाट्यांचा वास वाऱ्यावर थेट आमच्याकडं.

“जरा त्या नावेला लावा हो,” दाजी नावाड्याला हळूच म्हणाले. “आईची चौकशी करतो.”

“मधी बदलता येत नाही, मालक. तुमच्या लाइफ जॅकेटची नोंद हिच्यावर हाय.”