अखंड कापडाचे त्रिकोण

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात बर्फाने दारे अडवली की अनेक घरांत गोधडीसाठी त्रिकोणांची शिलाई सुरू होते. कृती सोपी आहे. माणसे अडकतात ती त्यामुळेच. दोन रंगांचे दोन चौरस सुलट बाजू आत ठेवून जुळवायचे, कर्ण आखायचा, त्याच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारायची आणि कर्णावर कापायचे. दोन दुरंगी चौकोन तयार. तयार चौकोन ६ इंची हवा असेल, तर कापडाचा चौरस ६ ७/८ इंचांचा लागतो. शहाणी मंडळी सरळ ७ इंच कापतात आणि मागाहून छाटतात. कर्णाची कड उरेब असल्याने ताणली जाते. इस्त्री दाबण्याऐवजी घासली की चौकोनाचा पतंग होतो.

७२ इंची चौरस गोधडीला असे १४४ चौकोन, म्हणजे २८८ त्रिकोण लागतात. हे चौकोन फिरवून मांडले की कधी भिरभिरे होते, कधी ‘फुटक्या ताटल्या’ (हे नक्षीचे रूढ नाव आहे, टीका नव्हे).

ही कला काटकसरीची मानली जाते. महाराष्ट्रातल्या गोधडीला जुनी लुगडी पुरतात. या त्रिकोणांसाठी मात्र दुकानातून नवे, अखंड, महागडे कापड आणून त्याचे बारीक तुकडे करतात आणि पुन्हा जोडतात. उरलेले कापड पुढच्या हिवाळ्यासाठी कपाटात जाते, सोबत अर्धवट गोधड्याही. ऊब देण्यात त्रिकोणांचा वाटा नगण्य आहे. ते काम मधल्या कापसाच्या थराचे, आणि तो घालण्याची पाळी येईपर्यंत बहुधा बर्फ वितळलेला असतो.