पाच कोयना आणि वर चिल्लर

देशाच्या पोटात १०,६०० मेगावॅट भू-औष्णिक वीज दडलेली आहे. हा आकडा मला फार आवडतो. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. म्हणजे ह्या पाच कोयना झाल्या, आणि वर चिल्लर. तीही धरण न बांधता, गाव न उठवता. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादीत गरम पाण्याची ३८१ ठिकाणं आहेत. प्रत्येक परिषदेत ही यादी आणि हा आकडा जोडीने हजेरी लावतात. नाहीतरी क्षमतेइतकी गुणी वीज दुसरी नाही. तिच्यात गळती नाही, चोरी नाही, भारनियमन नाही आणि तिचं बिल कोणी थकवत नाही.

पण हातात किती पडली, असं विचारणारा खवचट माणूस प्रत्येक शुभकार्यात असतोच. त्याच्यासाठी तेलंगणात मणुगुरूजवळ २० किलोवॅटचा प्रायोगिक संच आहे. दहा-बारा एसी चालतील. तो उभारला सिंगरेणी कोळसा कंपनीने, कारण कोळसा शोधायला पाडलेल्या बोअरमधून गरम पाणी वर आलं होतं. हरित ऊर्जेला कडेवर घ्यायलाही शेवटी कोळसाच धावला.

खरी मदार आहे ती लडाखमधल्या पुगा खोऱ्यावर. चौदा हजार फुटांहून अधिक उंची, जिथे पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. भूवैज्ञानिकांनी तिथे १९७०च्या दशकात बोअर घेतले. वीज काढायचा करार ओएनजीसीने केला २०२१च्या फेब्रुवारीत. मधली चार-पाच दशकं क्षमता मुरत होती; लोणचं घाईने काढू नये. पहिला बेत १ मेगावॅटचा. २०२२च्या ऑगस्टमध्ये बोअरमधून पाणी आणि वाफ अशा जोराने उसळली, की सगळं पुग्याच्या ओढ्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. इतकी वर्षं जमिनीखाली ऊर्जा आहे का, असा प्रश्न होता. तिने जातीने बाहेर येऊन उत्तर दिलं, तर आपण तिला गळती म्हणालो! त्या भागात चांगपा लोक पश्मिन्याच्या शेळ्या चारतात. शेळीपर्यंत प्रकल्प अहवाल पोचत नाही. तिला ओढा दिसला की ती तोंड लावते.

पण हे पाणी साधं नव्हे. त्यात बोरॉन आहे, लिथियम आहे, सीझियम आहे. सोनाराला लागणारा टाकणखार पुग्यातून पूर्वीपासून निघत आला. मग वीजही काढू आणि खनिजही काढू, एका दगडात दोन पक्षी, हे ओघानेच आलं. अडचण इतकीच की खोलवर विरघळलेले क्षार पाणी निवलं की पाइपातच बसतात; सिलिका तर घरजावयासारखी, एकदा बसली की उठत नाही. कॅलिफोर्नियात सॉल्टन समुद्राकाठी १९८२ पासून अशा खाऱ्या पाण्यावर वीज निघते आहे. त्याच पाण्यातल्या लिथियमची मात्र प्रात्यक्षिकंच चालली आहेत.

आपण प्रात्यक्षिकांत वेळ घालवत नाही, थेट मथळा छापतो. २०२३च्या फेब्रुवारीत जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियम-खनिजाचा अनुमानित साठा जाहीर झाला. 'अनुमानित' हा शब्द बऱ्याच मथळ्यांत मावला नाही. दोन दिवसांत आपण चीनला मागे टाकलं, व्हॉट्सॲपवर तर बॅटऱ्याही निर्यात झाल्या. मग लिलाव पुकारला. किमान तीन बोलीदार हवे होते, तेवढे आले नाहीत, आणि २०२४च्या मार्चमध्ये तो रद्द झाला. खनिज चिकणमातीत अडकलेलं आहे, ते परवडेल अशा भावात कसं सुटं करायचं, हा क्षुद्र प्रश्न मथळेवाल्यांना पडला नव्हता. बोलीदारांना पडला.

आता कोकण. उन्हवरे, तुरळ, आरवली, राजापूर, इकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी. कुंडांना काय तोटा? उद्या एखाद्या कुंडापाशी भूमिपूजन झालंच, तर भाषण मला आत्ताच ऐकू येतंय: "बंधूंनो, आपला सह्याद्री लाव्ह्याचा! खाली आग धगधगते आहे!" ती आग विझून साडेसहा कोटी वर्षं झाली. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं, एवढाच मामला. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास. साहेब म्हणतील, अलास्कात चेना इथे ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज होते. खरं आहे. पण तिथे यंत्र थंड करायला बर्फगार पाणी हाताशी आहे, आणि वीज निघते ती दोन पाण्यांच्या तापमानातल्या फरकातून. मागच्या रांगेतले निवृत्त गुरुजी उठून विचारतील, "साहेब, गरमाचं आमच्याकडे आहे. मे महिन्यात बर्फगार कुठून आणायचं?"

साहेब म्हणतील, समिती नेमू.

वीज राहू दे; कुंडांच्या गरम पाण्यावर आमसुलं वाळतील, मासळी वाळेल, पावसाळ्यात भाताची कणगी कोरडी राहील. त्याला टर्बाइन लागत नाही, चार पाइप आणि एक शेड लागते. पण शेडचं उद्घाटन करायला दिल्लीहून कोण येणार? शिवाय परवानगी कोणाची घ्यायची? उष्णता ऊर्जा विभागाची, क्षार खनिकर्माचे, पाणी भूजलवाल्यांचं, कुंड देवस्थानचं आणि रस्त्यावरची पाटी पर्यटनाची. शेड मागणाऱ्याने अर्जाच्या पाच प्रती आणाव्यात, आमसुलं सध्या उन्हातच वाळत घालावीत.