रोटरमध्ये नापास

रशियात मेडिकलला निघालेल्या मुलाला आई लोणचं देते, वडील उपदेश देतात आणि तिथं पोचल्यावर सीनियर गुरुमंत्र देतात. यातलं लोणचं तेवढं खात्रीचं असतं. मी लातूरहून व्होल्गोग्राडला पोचलो तेव्हा आमच्या होस्टेलवर सोलापूरचे एक दादा होते. कुकरची रिंग कुठं मिळते इथपासून कोणत्या सरांसमोर खोकायचं नाही इथपर्यंत सगळ्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ॲनाटॉमीचं नाव काढल्यावर ते म्हणाले, "काय बे लातूरकर, एवढं टेन्शन कशाला घेतोस? सरांना रोटर लागतो. रोटरवर बोलत राहा, सर पेपर विसरतात."

रोटर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शेतातली जळालेली मोटार आली. दादांनी कपाळावर हात मारला. "क्लब आहे बे. फुटबॉलचा."

तिथली परीक्षा तोंडी असते. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. आपण एक उचलायची, कोपऱ्यात बसून घाम गाळायचा आणि मग सरांच्या समोर बसून बोलायचं. मार्क पाचपैकी. पाच म्हणजे उत्तम, तीन म्हणजे निभावलं, दोन म्हणजे नापास. एक कुणी देत नाही, दोनमध्येच काम भागतं. थोडक्यात, बोलणाऱ्याची माती विकली जाईल अशी पद्धत. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ॲनाटॉमीतलंही कळत नव्हतं. दोन्हींत पुस्तक कुणाचं पातळ, एवढाच प्रश्न होता.

माझ्या गुरू होत्या होस्टेलच्या दारातल्या आजी. काचेच्या खोपटात बसून त्या विणायच्या, छोटा टीव्ही बघायच्या आणि रात्री उशिरा येणाऱ्यांची नावं वहीत टिपायच्या. आम्ही त्यांना बाबुश्का म्हणायचो. आईनं दिलेला चहाचा पुडा मी त्यांना दिला आणि बदल्यात क्लबाचा इतिहास मागितला. त्यांनी आधी पुड्याचा वास घेतला, मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कुठून सुरू करू?" मी म्हणालो, "पहिल्यापासून." हे बोलायला नको होतं.

पहिल्यापासून म्हणजे १९२९. शहराच्या उत्तर टोकाला ट्रॅक्टरचा अवाढव्य कारखाना उभा राहत होता आणि तो बांधणाऱ्यांनी टीम काढली. पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला १९३० च्या जूनमध्ये. म्हणजे ट्रॅक्टरच्या आधी फुटबॉल सुरू! सरकारी कामाची ही तऱ्हा मला लगेच आपलीशी वाटली. तिथून पुढं मात्र माझे हाल सुरू झाले. टीमचं नाव आधी त्राक्तोरोस्त्रोईतेल, मग जेर्झिनेत्स, मग त्राक्तोर, मग तोर्पेदो, मग पुन्हा त्राक्तोर, मग स्ताल, मग बारिकादी आणि शेवटी १९७५ पासून रोटर. त्यात शहरही स्वस्थ बसलेलं नाही. त्सारित्सिनचं १९२५ मध्ये स्टालिनग्राड झालं आणि १९६१ मध्ये व्होल्गोग्राड. टीमचं नाव, शहराचं नाव आणि साल यांचा मेळ घालता घालता माझी वही भरली. त्याच वहीत, त्याच आठवड्यात मी मेंदूच्या बारा नसा पाठ करत होतो. दोन्ही याद्या एकाच सुरात म्हणायची सवय लागली, आणि तिनं पुढं माझा घात केला.

एका गोष्टीला मात्र वही लागली नाही. स्टालिनग्राडची लढाई संपली २ फेब्रुवारी १९४३ ला. ट्रॅक्टरच्या कारखान्यात रणगाडे बनत होते, त्याच्या आवारात लढाई झाली, शहर म्हणून काही उरलं नव्हतं. आणि बरोबर तीन महिन्यांनी, २ मे ला, तिथं फुटबॉलचा सामना झाला. मॉस्कोचा स्पार्ताक विमानानं आला. दक्षिणेकडच्या बेकेतोव्का भागातलं अझोत नावाचं मैदान त्यातल्या त्यात शाबूत होतं, ते साफसूफ केलं. स्टालिनग्राडनं १-० नं जिंकला. गोल मोइसेयेवचा. चेंडू विमानातून टाकला होता असं सांगतात.

बाबुश्का तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या, बेकेतोव्कातच राहणाऱ्या. भावाचं बोट धरून गेल्या होत्या. मी पेन सरसावून विचारलं, "गोल कसा झाला?" त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? पुढं एक सैनिक उभा होता. त्याच्या पाठीवर कोट फाटलेला होता आणि पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला होता. सगळा सामना मी तो दोरा बघितला." मग विणकामाकडं बघत म्हणाल्या, "टाके चांगले नव्हते." हे परीक्षेत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी लिहून घेतलं नाही. आज त्या वहीतलं दुसरं काहीही मला आठवत नाही.

नुसत्या पाठांतरावर भागणार नाही, मैदानाचं वारं लागलं पाहिजे, असं दादांचं मत पडलं. २००४ च्या वसंतात मी एकटाच सामना बघायला निघालो. व्होल्गोग्राडमध्ये मध्येच जमिनीखालून धावणारी ट्राम आहे, १९८४ पासून. तिनं मामायेव कुर्गानच्या टेकडीपाशी उतरलो. टेकडीवर हातात तलवार घेतलेली ८५ मीटर उंच मातृभूमी उभी आहे आणि पायथ्याला स्टेडियम. हवा गार होती, म्हणून मी आईनं विणलेला स्वेटर घातला होता. लाल आणि पांढरा, रुंद पट्ट्यांचा.

रोटरचा रंग निळा. लाल-पांढरा रंग स्पार्ताकचा. हे वहीत नव्हतं.

स्टँडमध्ये शिरल्याबरोबर आजूबाजूचं बोलणं थांबलं. मला वाटलं, परदेशी माणूस बघून कुतूहल वाटतंय. मी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. तेव्हा वरच्या पायरीवरून कुणीतरी जे म्हणालं, ते आम्हाला रशियनच्या वर्गात शिकवलेलं नव्हतं. एक पन्नाशीचे काका उठले, त्यांनी मला दंडाला धरून भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि स्वेटर उलटा करून घालायला लावला. आईचं विणकाम इतकं सफाईचं की स्वेटर उलट बाजूनंही लाल-पांढराच. शेवटी काकांनी गळ्यातला निळा स्कार्फ सोडून माझ्या छातीवर लहान पोराच्या लाळेऱ्यासारखा बांधला आणि हातात सूर्यफुलाच्या बियांचा कागदी कोन दिला. आमच्या लातूर भागात तेव्हा सूर्यफूल पोत्यानं पिकायचं, पण ते जायचं घाण्याला. बी सोलून खायचं असतं ही कल्पनाच नव्हती. मी मूठभर तोंडात टाकून टरफलासकट चावून गिळल्या. काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत.

मध्यंतरात त्यांनी मला नव्वदीचं दशक सांगितलं. या दशकात रोटर देशात दोनदा दुसरा आला, १९९३ आणि १९९७ ला. १९९५ ला कपच्या अंतिम सामन्यात मॉस्कोच्या दिनामोकडून पेनल्टीवर ८-७ नं हरला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात यूएफा कपमध्ये मँचेस्टर युनायटेड इथं येऊन गेलं, ०-०. परतीच्या सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर पंचवीस मिनिटं व्हायच्या आत रोटर २-० नं पुढं. नंतर स्कोल्सनं एक फेडला, आणि अगदी शेवटी गोलकीपर श्मायकल स्वतःचा गोल मोकळा टाकून पुढं आला आणि त्यानं डोक्यानं मारला. २-२. परक्या मैदानावरच्या गोलांच्या नियमानं मँचेस्टर बाहेर, रोटर पुढं. पुढच्या फेरीत बोर्दोनं हरवलं, पण ते काकांनी एका श्वासात उरकलं. वेरेतेन्निकोव्हला मात्र भरपूर वेळ दिला. हा रोटरचा ओलेग वेरेतेन्निकोव्ह तीन मोसमांत देशात सर्वाधिक गोल करणारा, १९९५ ला तर पंचवीस. वरच्या लीगमध्ये एकूण १४३. राष्ट्रीय संघातून किती खेळला? शून्य. एकदाही नाही. काकांनी पूर्वेकडच्या कुंपणाकडं बोट करून मॉस्कोला शिव्या दिल्या. मॉस्को तिकडं नाही, पण ते महत्त्वाचं नव्हतं. मराठवाड्यातल्या माणसाला मुंबई-पुण्याबद्दल बोलताना दिशा कुठं लागते?

१९९७ चं त्यांना विचारलं तेव्हा ते बिया सोलत राहिले. शेवटचा सामना, ८ नोव्हेंबर, याच मैदानावर, समोर स्पार्ताक. जिंकले असते तर रोटर चॅम्पियन. "०-२," एवढंच म्हणाले, आणि माझ्या स्वेटरच्या बाहीकडं बघितलं. मी बाह्या वर सरकवल्या.

त्या दिवशी रोटर हरला. त्या मोसमात तो हरतच राहिला आणि वर्षअखेर तळाला जाऊन वरच्या लीगमधून बाहेर पडला. यात माझा हात नाही. दादांचं मत वेगळं होतं.

परीक्षा आली जानेवारीत. मी चिठ्ठी उचलली : ब्रॅकियल प्लेक्सस. खांद्यातून हाताकडं जाणारा नसांचा तो गुंता. मानेतून पाच मुळं निघतात, त्यांची तीन खोडं होतात, खोडांचे सहा डिव्हिजन. खोडांपर्यंत गाडी नीट आली. डिव्हिजनपाशी रूळ संपले. सर चष्म्यावरून बघत होते. मी आवंढा गिळून म्हणालो, "सर, डिव्हिजनवरून आठवलं. आपला रोटरही यंदा डिव्हिजन खाली गेला."

सरांनी पेन खाली ठेवलं. मला आतून गुदगुल्या झाल्या. दादा, तुम्ही देव आहात.

"तुम्हाला रोटर माहीत आहे?" सरांनी विचारलं. तिथले प्राध्यापक विद्यार्थ्यालाही तुम्हीच म्हणतात, त्यामुळं माणूस गाफील राहतो. मी म्हणालो, "पहिल्यापासून." शेजारच्या टेबलावरच्या सहायक बाईंना सरांनी बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "सांगा."

मी सुटलो. १९२९, कारखाना, जून १९३०. सर मान डोलवत होते. मग नावं. त्राक्तोरोस्त्रोईतेल, जेर्झिनेत्स, त्राक्तोर, तोर्पेदो, त्राक्तोर, स्ताल, ट्रायजेमिनल—

"काय?"

"बारिकादी, सर. रोटर."

सर काही बोलले नाहीत, पण आता ते पुढं सरकून बसले होते. "त्रेचाळीसचा सामना. स्पार्ताकला कुणी हरवलं?" मी छाती काढून म्हणालो, "त्राक्तोरनं." सर म्हणाले, "चूक. त्या दिवशी टीम दिनामो या नावानं उतरली होती." बाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, बहुतेक पोरं त्राक्तोरचीच होती, मुलगा तत्त्वतः बरोबर आहे. सर म्हणाले, तत्त्वतः काही नसतं, कागदावर दिनामो. बाई म्हणाल्या, कागदाचं काय घेऊन बसलात, माझे वडील तिथं होते. दोघांचे आवाज चढले. मागं चिठ्ठी घेऊन बसलेली पोरं या गडबडीत खुशाल वह्या उघडून बघत होती, आणि मी त्या दोघांच्या मध्ये एकटाच, अर्धवट फुटलेल्या ब्रॅकियल प्लेक्सससकट. इथं गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. मी वाद मिटवायला म्हणालो, "जाऊ द्या ना सर, फुटबॉलच आहे."

दोघंही एकदम थांबले. बाईंनी खुर्ची मागं घेतली आणि आपल्या टेबलाकडं निघून गेल्या.

"शेवटचा प्रश्न," सर अगदी शांतपणे म्हणाले. "ओल्ड ट्रॅफर्डवरचा पहिला गोल कुणाचा?"

रोटरमध्ये गोल कोण करतो? १४३ गोल कुणाचे? मी बेधडक म्हणालो, "वेरेतेन्निकोव्ह."

"नीडरगाउस," सर म्हणाले. "सोळाव्या मिनिटाला. वेरेतेन्निकोव्हचा दुसरा." त्यांनी माझी गुणपुस्तिका मिटून माझ्याकडं सरकवली. तिथं दोन हा आकडा पुस्तिकेत लिहीत नाहीत, विभागाच्या यादीत लिहितात. पुस्तिका कोरी परत येते. "ॲनाटॉमीत मी तुम्हाला तीन दिले असते," ते म्हणाले. "मुळं बरोबर होती."

होस्टेलवर आल्यावर मी दादांना जाब विचारला. त्यांनी शांतपणे फोडणीत मोहरी टाकली. "मी बोलत राहा म्हणालो होतो बे. चुकीचं बोल म्हणालो होतो का?"

फेरपरीक्षेला मी ब्रॅकियल प्लेक्सस मुळापासून बोटांच्या टोकापर्यंत म्हणून दाखवला. सरांनी तीन लिहिले आणि म्हणाले, "रोटर अजून बाकी आहे." तो पेपर द्यायचा राहिला तो राहिलाच, कारण २००५ मध्ये रोटरला व्यावसायिक फुटबॉलचं लायसन्सच मिळालं नाही. मँचेस्टरला घरी पाठवणारा क्लब दहा वर्षांत खालच्या लीगमध्ये आपल्या राखीव पोरांच्या जिवावर उरला.

मी परत आलो, भारतातली स्क्रीनिंग टेस्ट दिली, दवाखाना टाकला. गावातले लोक मला अजून 'रशियाचे डॉक्टर' म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणतात की सावधगिरीनं, याचा मी शोध घेत नाही. २०१८ च्या वर्ल्ड कपला जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी बांधलेलं नवं टीव्हीवर दिसलं. इंग्लंडचे खेळाडू ट्युनिशियाशी खेळताना तोंडावरच्या चिलटांना हाकलत होते. व्होल्गाकाठची ती चिलटं जूनमध्ये येतात. मी घरात सगळ्यांना मोठ्या उत्साहानं चिलटं दाखवली. बायको म्हणाली, "तुम्ही तिथं सहा-सात वर्षं राहून एवढंच ओळखता?"

२०२० मध्ये कोविडमुळं लीग मध्येच थांबली, रोटर पहिला होता, म्हणून तसाच वरच्या प्रीमियर लीगमध्ये चढला. मी पेशंटना मास्क लावायला लावून पेढे वाटले. पुढच्याच मोसमात रोटर खाली आला. त्यानंतरच्या मोसमात आणखी एक पायरी खाली. २०२४ मध्ये एक पायरी परत वर चढला, तेव्हा मी आमच्या व्होल्गोग्राडच्या जुन्या ग्रुपवर तीन निळी हृदयं टाकली आणि लिहिलं, 'या वेळी पूर्ण मोसम बघणार.'

सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर एकाचंच आलं, सोलापूरहून.

'तू नको बघूस बे.'