मालिका सांभाळून पदवी कशी मिळवावी

बारावीचा किंवा एसवायचा निकाल बिघडला की नाशिकच्या घरांत पहिली कारवाई टीव्हीवर होते. रिचार्ज थांबतो, सेट-टॉप बॉक्सची वायर कपाटात जाते आणि पडद्यावर क्रोशाचा रुमाल येतो. पुढच्या निकालात त्याने काही फरक पडला का, हे कोणी विचारत नाही. वाचवलेला वेळ कुठे गेला याचा पंचनामाही होत नाही. तो आधी करू. साडेसात ते नऊ या वेळातल्या तीन मालिका विद्यार्थ्याच्या दिवसातले दीड तास घेतात. उरले साडेबावीस. झोप, कॉलेज, निमाणीहून बस पकडून येणेजाणे, आंघोळी-जेवणे हे सगळे वजा केले तरी चार-पाच तास हातात राहतात. त्यांचा हिशेब मागितला की कॉलेज रोडच्या कट्ट्याचे नाव कोणी घेत नाही, तिथल्या अर्ध्या चहाचे तर नाहीच नाही. आळ मालिकेवर येतो, कारण चोवीस तासांत ठरल्या वेळी ठरल्या जागी सापडणारी तीच एक आहे. चोर सापडत नसला की रोज वेळेवर येणाऱ्या दूधवाल्याला धरायचे, त्यातला हा प्रकार.

या मार्गदर्शनाचा सगळा डोलारा एका निरीक्षणावर उभा आहे. मालिकेला वेळ असते, अभ्यासाला नसते. आठची मालिका आठला लागते. अभ्यासाची वेळ विचारली तर उत्तर येते, 'रात्री बसतो.' ही रात्र नक्की कधी सुरू होते, हे पंचांगातही सापडणार नाही. कॉलेजात टर्म ग्रँट होण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते आणि ती भरताना मुले अर्ज, दाखले आणि वर्गमित्राचा आवाज अशी सर्व साधने वापरतात. मालिकेला हजेरीचे रजिस्टर नाही, तरी तिथली हजेरी शंभर टक्के. शिस्त अंगात आहे म्हणायची, फक्त ती कुठे लागू करायची हे ठरलेले नाही. म्हणून विद्यार्थ्याने टीव्ही कमी करण्याच्या भानगडीत पडू नये. टीव्हीचे वेळापत्रक भिंतीवर लावावे आणि अभ्यास त्याच्या खुंट्यांना टांगावा. साडेसातच्या आधी एक धडा, नऊनंतर दुसरा. मालिका चुकू नये म्हणून धडा वेळेत संपवण्याची जी घाई होते, तिच्याइतका जोर वडिलांच्या ओरडण्यात आजवर आढळलेला नाही.

आता खुद्द मालिकेच्या वेळेकडे वळू. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार तासाला फार तर बारा मिनिटे जाहिराती दाखवता येतात, त्यात वाहिनीने स्वतःची केलेली जाहिरातही आली. वाहिन्या ही मर्यादा पुरेपूर वापरतात असे धरले, तर दीड तासात अठरा मिनिटे मिळाली. सत्र पंधरा आठवड्यांचे, मालिका आठवड्यातून सहा दिवस. नव्वद दिवसांचे होतात सत्तावीस तास. पंधरा तासिकांना एक क्रेडिट या हिशेबाने साबण आणि फरसाण यांच्या मधल्या फटीत जवळजवळ दोन क्रेडिटे पडून आहेत. आक्षेप असा येईल की तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत इंटिग्रेशन होत नाही. मान्य. पण विद्यार्थ्याच्या कामात इंटिग्रेशन किती आणि जर्नल किती, हे प्रामाणिकपणे पाहावे. समासाच्या रेघा, मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवायची निरीक्षणे, आकृत्यांना नावे देणे, सबमिशनच्या फायली लावणे, ही कामे डोक्याला विचारून होत नाहीत. ती जाहिरातीतच काय, मालिका चालू असतानाही होतात, कारण मालिका कानानेही पाहता येते. सुनेच्या हातून चहाचा ट्रे निसटतो. ढग गडगडतात. कॅमेरा सासूच्या चेहऱ्यावर जातो, मग नणंदेच्या, मग दाराआडच्या कामवाल्या मावशींच्या, मग पुन्हा सासूच्या. ट्रे अजून जमिनीवर पोचलेला नसतो. तेवढ्यात मानवी हृदयाच्या आकृतीत डावे अलिंद, उजवे अलिंद आणि महाधमनी लिहून होते, वर पेन्सिलीला टोक काढायलाही सवड मिळते.

मालिकेचे आणखी एक देणे आहे आणि ते मोफत आहे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरते आणि अधूनमधून उजळणी केली तर टिकते. आपल्या अभ्यासक्रमांनी हे कितपत मनावर घेतले याबद्दल न बोललेले बरे. मालिकांनी मात्र घेतले. रोज सुरुवातीला 'मागील भागात', शेवटी 'पुढील भागात', आणि रविवारी सगळे एकत्र करून महाएपिसोड. परिणाम असा की तीन वर्षांपूर्वी कोणाचे मंगळसूत्र कोणत्या सणाला तुटले ते घरात सर्वांना पाठ असते आणि काल वाचलेला नियम कोणालाही नाही. विद्यार्थ्याने धडा उघडल्यावर तीन मिनिटे 'मागील धड्यात' म्हणून कालचे आठवावे, उठताना 'पुढील धड्यात' वर नजर टाकावी आणि रविवारी महाएपिसोड करावा. थांबण्याची जागाही मालिकेकडून शिकावी. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले की अर्धवट सोडलेले काम पूर्ण केलेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहते. नंतरच्या सगळ्या संशोधकांना तसे आढळले नाही, पण दार उघडून कोण आले ते न दाखवता भाग संपवणाऱ्यांचा या तत्त्वावर अढळ विश्वास दिसतो. तेव्हा प्रमेय अर्ध्यात असताना वही मिटून पाहायला हरकत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप असतो, 'आमच्या वेळी असले काही नव्हते.' ही पिढी म्हणजे २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लावून बसलेली पिढी. त्या तासात रस्ते ओस पडत, हे तीच कौतुकाने सांगते. शूर्पणखेचे नाक जिथे कापले गेले म्हणतात, त्या गावात राहून लोकांनी ते कापताना टीव्हीवर पाहिले. पंचवटी चालत जाण्याच्या अंतरावर होती. शिवाय तेव्हा आठवड्यातून एकदाच भाग होता, म्हणजे वेळापत्रकाचे महत्त्व त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळले असणार. दुसरा आक्षेप डोळे खराब होतील हा. इथे त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचे उदाहरण मुले हमखास पुढे करतात. येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहून झपाटलेल्या फाळक्यांनी रोज तासन् तास सिनेमे पाहिले, डोळे अधू झाले, उपचार घ्यावे लागले. आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तेव्हा पुरावा भक्कम. मात्र हे उदाहरण जपून वापरावे. मधल्या काळात फाळके लंडनला जाऊन तंत्र शिकून आले होते आणि कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करत बसले होते. घरातल्या कोणाला वाटाण्याची गोष्ट ठाऊक असेल, तर वाद हरलात.

पाहायचाच तर शैक्षणिक टीव्ही पाहा, असे सुचवणारे भले लोक असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले, २०१७ साली 'स्वयंप्रभा'च्या बत्तीस वाहिन्या आल्या, टाळेबंदीत सह्याद्रीवर लहान मुलांसाठी 'टिलीमिली' झाली. हेतू उत्तम. टीव्हीची सवय सोडवायची असेल त्यांनी जरूर वापरावे.

खरा अवघड आक्षेप मोबाइलचा. हल्ली मालिका ॲपवर कधीही पाहता येते, मग वेळापत्रक कसले? हा आक्षेप या मार्गदर्शनाला छेद देत नाही, उलट त्याचा पुरावा आहे. जे कधीही पाहता येते ते रात्री दोनपर्यंत पाहिले जाते आणि जो अभ्यास कधीही करता येतो तो कधीच होत नाही. दोन्हीकडे घोटाळा 'कधीही'चाच. भिंतीवरच्या टीव्हीचा मोठा गुण असा की तो आपला नसतो. सुरगाणा-पेठहून येऊन इथे खोली करून राहणारा मुलगा मेसमध्ये टीव्ही पाहतो, तेव्हा रिमोट मेसच्या काकूंकडे असतो. त्यांची मालिका संपली की त्या टीव्ही बंद करतात आणि ताटे उचलतात. तिसरी पोळी रेंगाळत खाल्ली तरी पुढची मालिका मिळत नाही. इतका निर्दय बंदोबस्त कोणत्याही ॲपमध्ये नाही. मालिका मोबाइलवर पाहणाऱ्याला आमचे मार्गदर्शन लागू नाही.

ते आयपीएललाही लागू नाही, हे आताच कबूल करायला हवे. सामने मार्चअखेर ते मे, म्हणजे सीईटी आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या छाताडावर. षटकांच्या मध्ये मिनिटही मिळत नाही. अडीच मिनिटांचे स्ट्रॅटेजिक टाइम-आउट संपूर्ण सामन्यात चार, म्हणजे साडेतीन-चार तासांत दहा मिनिटे. एवढ्यात हॉल तिकीटही सापडत नाही. या काळापुरता एकच उपाय सुचतो. परीक्षेच्या आदल्या रात्री टेबलावरचे गजराचे घड्याळ हमखास बंद पडलेले असते आणि चांगले पेन्सिल सेल घरात एकाच ठिकाणी असतात. ते काढून घड्याळात घालावेत. साडेसातला आजी रिमोट दोनदा तळहातावर आपटेल, मागचे झाकण उघडून पाहील आणि हाक मारेल. तेव्हा दार लावून घेतलेले असावे.