साडेचोवीस नॉट

धारहून मांडूकडे निघालं की वाटेत नालछा लागतं. समुद्र मात्र नालछाहून कुठल्याही दिशेला निघालं तरी दिवसभरात लागण्याची खात्री नाही. अशा गावात नौदलातून निवृत्त झालेला माणूस राहायला आला, की पहिली पाच-सात वर्षं त्याची आपण नेमके कोण होतो हे समजावण्यात जातात.

माळव्यात फौजी म्हणजे हिरवी वर्दी. जवळच महूची छावणी, तिथे इन्फंट्री स्कूल, त्यामुळे लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला : “कौनसे बॉर्डर पे थे?” आमचे नौदलातले काका म्हणतात, “अरबी समुद्रावर.” मग समोरचा सहानुभूतीनं विचारतो, “मतलब पोस्टिंग नहीं मिली?” पांढऱ्या गणवेशातला त्यांचा तरुणपणीचा फोटो पाहून नव्या सुनेनं दबक्या आवाजात चौकशी केली होती, बाबा दवाखान्यात होते का? आणि 26 जानेवारीला झेंड्यापुढे महूचे निवृत्त सुभेदार तळवा समोर दाखवून सलाम करतात, तर काका तळवा जमिनीकडे वळवून. नाविकांचे हात दोरखंड नि डांबरानं काळे व्हायचे, ते वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून ही रीत पडली असं सांगतात. सुभेदारांचं म्हणणं, हात धुऊन यायचं होतं.

घरात भाषा जहाजाची. स्वयंपाकघर म्हणजे गॅली, फरशी म्हणजे डेक, डावीकडचं कपाट पोर्टला. रोज सकाळी डेक धुतलाच पाहिजे, मग मे महिना का असेना. “अहो, तुमच्या जहाजाच्या चारी बाजूंनी पाणी होतं,” काकू बादली ओढून घेत म्हणतात, “इथे टँकर येतो.”

खरं तर या घराला हुकूम घ्यायची सवयच नाही. पंधरा वर्षांची नोकरी पुरी झाल्यावर पेन्शन मिळते, पण त्या पंधरांतली घरात किती गेली हे काकूंनी मोजून ठेवलंय. पत्राचा पत्ता एकच, द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठे आहे ते त्या ऑफिसला ठाऊक, बायकोला नाही. थोरल्याला गोवर निघाल्याचं काकूंनी कळवलं. गोवर उतरला, पोरगं शाळेत जाऊ लागलं, कुणाशी तरी मारामारीही करून आलं, आणि मग उत्तर आलं : गोवरात वारा लागू देऊ नये. ते पत्र काकूंनी अजून ठेवलंय. काकांनी भिंतीवर दिनक्रमाचा तक्ता लावला, की त्या ते पत्र काढतात.

एवढ्या आतल्या गावात येऊन का राहिलात, असं कुणी विचारलं तर काकांकडे उत्तर तयार असतं. 1971 च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेची कमान सांभाळून वीरचक्र मिळवणारे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले कुठे? फलटणजवळच्या विंचुर्णीत. तिथे कुठला आलाय समुद्र! (आवटींच्या प्रेरणेनं दिलीप दोंदे 2009-10 मध्ये शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. काकांच्या प्रेरणेनं आजवर फक्त नातू पोहायला शिकलाय, तोही विहिरीत.)

काकांचं दैवत म्हणजे जुनी ‘विक्रांत’. 4 मार्च 1961 ला ती नौदलात आली, 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली, आणि 2014 मध्ये मुंबईत भंगारात निघाली. त्या दिवसांत काका जेवायला बसत, पण बोलत नसत. 2016 मध्ये बजाजनं विक्रांतचं पोलाद वापरून ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली, तेव्हा त्यांनी किंमत न विचारता ती घेतली. आता नालछा ते धार काका विक्रांतवरूनच जातात. मात्र विक्रांतचा कमाल वेग साडेचोवीस नॉट, म्हणजे ताशी 45 किलोमीटर. काटा त्यापुढे सरकू द्यायचा नाही, जहाजाची मर्यादा म्हणून. मागून ट्रॉलीवाले हॉर्न देतात, दूधवाले पुढे निघून जातात. दवाखान्याची वेळ चुकली की काकू म्हणतात, “विमानवाहू होती ना? मग विमानानंच जाऊ या की.”

पावसाळ्यात पाहुणे आले की मांडूचा जहाज महाल दाखवायची जबाबदारी काकांची. सुमारे 120 मीटर लांब इमारत, दोन्ही अंगांना भरलेले तलाव. ढग उतरले की खरंच तरंगते. गाइड सांगतो, सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या जनानखान्यात म्हणे 15 हजार स्त्रिया होत्या. पाहुणे गालात हसतात. काकांचा चेहरा गंभीर होतो. विक्रांतवर हजार-अकराशे माणसांचं रेशन भरताना काय व्हायचं ते त्यांना माहीत. “एवढ्या जणींची गॅली कुठे होती?” ते विचारतात. गाइडला आजवर हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

परवा महालाच्या गच्चीवर ते नातवाला शिकवत होते, “हा मुंज तलाव पोर्टला, तो कपूर तलाव स्टारबोर्डला.”

“पण आजोबा, जहाजाचं तोंड कुठल्या बाजूला आहे?”

काका थांबले. उत्तरेच्या टोकापर्यंत चालत गेले, खाली वाकून पाहिलं, मग दक्षिणेच्या टोकाला जाऊन आले. तेवढ्यात काकूंनी सावलीत डबा उघडला होता.

“तोंड इकडे कर आधी,” त्या नातवाला म्हणाल्या, “आणि घास धर. त्यांचं चालू दे.”