चहा घ्या, मोबाइल आत ठेवा

तवांगच्या पुढे बुम ला. उंची पंधरा हजार फुटांच्या वर, पलीकडे चीन. पाणी इथे ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहाला रंग चढायला वेळ लागतो. पाहुण्यावरच्या विश्वासाला त्याहून जास्त.

जवान एका हाताने वाफाळता पेला पुढे करतो, दुसऱ्याने परवाना मागतो. दोन्ही सारख्याच अगत्याने! थंडीने काकडलेल्या काकू पेला गालाला लावतात, पिशवीतून चकल्यांचा डबा काढतात. डबा उघडून दाखवावा लागतो. मग त्यातली एक चकली घेतलीही जाते.

घोटाळा करतात ते काका. लग्नघरात आचाऱ्याला विचारावं तसं सहज विचारतात, "इथं साधारण किती माणसं असतात हो?"

हंड्यातला डाव थांबतो. तेवढ्यात कोपऱ्यातून चक्क मराठी येतं, "पाव्हणं, गाव कुठलं?"

"कराड."

"मग बसा की. चहा आणखी घ्या. अन् तो मोबाइल तेवढा आत ठेवा."

गंमत अशी, की ज्यांच्यावर नजर ठेवायला ही चौकी उभी आहे, त्या चिनी सैनिकांना इथे सणावारी मिठाईचे पुडे दिले गेलेत, हस्तांदोलन करून, फोटो काढून. त्यांचं बरं आहे. ते कुठून आले, का आले, सगळं आधीच ठाऊक! कराडचे काका मात्र उगाचच इतक्या लांब आलेले.

"बरं, साखर किती लागते रोज?" काका पुन्हा.

जवान हसतो. चहा ओततो. आकडा सांगत नाही.